गाडी दुरुस्त करायची की बदलायची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागरीच्या कार्यक्रमात केलेले भाषण. छपाईसाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



दूध आटत आलेलं आहे, त्याचा वास इथपर्यंत येतोय. त्यामुळे फार वेळ घेणार नाही. सेक्रेटरींनी मला विषय दिला होता, ‘निवृत्तांसाठी गुंतवणूक’. मी म्हटलं, तो विषय तुम्हाला टीव्हीवर रोज सकाळी मिळतो. मी माझ्या गाडीबद्दल बोलतो. पार्किंगच्या १४ नंबरच्या जागेवर पाच महिने धूळ खात पडलेली ती पांढरी झेन तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. काहींनी तिच्या काचेवर बोटाने ‘मला धुवा’ असंही लिहिलं होतं. अक्षर मी ओळखलं आहे, पण नाव घेत नाही.

ही गाडी आणि आपली सोसायटी एकाच वयाची. सोसायटीची नोंदणी २००० सालची आणि गाडीची पण. ताबा मिळाला तेव्हा इमारतीला लिफ्ट चालू नव्हती, पाणी टँकरचं होतं, पण माझी गाडी खाली उभी होती. बँकेच्या स्टाफ लोनवर घेतलेली. मी तेव्हा ४९ वर्षांचा होतो. मारुती ८०० आठ वर्षं वापरून झाली होती, त्यामुळे झेन म्हणजे बढती वाटली. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, पाच गिअर. १९९३ मध्ये हे मॉडेल बाजारात आलं आणि २००६ मध्ये बंद झालं. मुलांची लग्नं, सौ.च्या आईचं आजारपण, नातवाला प्रसूतिगृहातून घरी आणणं, सगळं या गाडीतून झालं. तेव्हा ती माझ्यासाठी केवळ वाहन होती असं म्हणालो तर ते खोटं होईल.

आता मूळ गोष्ट. या वर्षी जानेवारीत भाचीच्या साखरपुड्याला आम्ही दोघं साताऱ्याला निघालो. खंडाळा गेलं आणि खंबाटकी घाट सुरू झाला. तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा येताना बोगदा होता, पण जाताना घाट चढावाच लागायचा. दुसऱ्या वळणावर टेंपरेचरचा काटा वर सरकायला लागला. मी एसी बंद केला. काटा आणखी वर. ही म्हणाली, “अहो, थांबा ना.” मी म्हटलं, “माथा आला की उतारच आहे.” हा माझा पहिला अपराध. बॉनेटमधून वाफ आली तेव्हा थांबावंच लागलं. वीस मिनिटं थांबलो, बाटलीतलं गार पाणी ओतलं आणि पुन्हा चालू केली. हा दुसरा अपराध. तीनेक किलोमीटर गेली. मग ‘खर्र’ असा एक आवाज झाला आणि ती जी थांबली ती थांबलीच. एक ट्रक ड्रायव्हर उतरून आला, बॉनेटमध्ये बघून म्हणाला, “काका, आता किल्लीला हात लावू नका. गेलंय ते.” साखरपुड्याला आम्ही एसटीने पोचलो. पेढे संपलेले होते.

घरी आल्यावर मी सगळ्यांना काय सांगितलं? “गाडीने दगा दिला.” हे वाक्य मी लिफ्टमध्ये निदान दहा जणांना ऐकवलं असेल. आज खरं सांगतो. गाडीने दगा दिला नव्हता. आधीच्या दिवाळीत मिस्त्रीने मला सांगितलं होतं की काका, रेडिएटर झिरपतोय, होज फुगलाय, ३,८०० रुपयांत दोन्ही बदलून देतो. मी म्हणालो, “पुढच्या सर्व्हिसिंगला बघू.” ३५ वर्षं कर्जदारांना ‘वेळेवर हप्ता भरा, नाहीतर व्याजावर व्याज चढतं’ असं सांगणारा माणूस मी!

गाडी टो करून गॅरेजला आणली. मिस्त्रीने ऑइलची दांडी काढून दाखवली. तेल दूध घातलेल्या कॉफीसारखं झालेलं. म्हणजे पाणी तेलात उतरलं. हेड गॅस्केट गेलं, अॅल्युमिनियमचं हेड उष्णतेने वाकलं आणि पिस्टनने सिलिंडरला ओरखडे पाडले. आपल्यापैकी ज्यांच्या गाड्या जुन्या आहेत त्यांच्यासाठी सांगतो. रेडिएटरचं पाणी वारंवार कमी होत असेल, गरम इंजिनावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तेलाचा रंग असा बदलला असेल, तर त्याच दिवशी गाडी उभी करा. केवळ गॅस्केट गेलेलं असतं तेव्हा काम काही हजारांत भागतं. त्यानंतर चालवलेल्या प्रत्येक किलोमीटरला बिलावर एक शून्य वाढण्याचा धोका असतो. माझे ते शेवटचे तीन किलोमीटर माझ्या आयुष्यातले सगळ्यात महाग.

विम्याचं विचाराल तर, नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड येत नाही. अपघात, चोरी, आग, पूर हे येतं. इंजिन आपोआप बसलं तर ते आपलं आपण बघायचं. माझी तर फक्त थर्ड पार्टी होती.

मिस्त्रीने तीन पर्याय ठेवले. एक, हाफ इंजिन, म्हणजे फक्त वरचं हेडचं काम. पण तो स्वतःच म्हणाला की खाली ओरखडे असताना हे करणं म्हणजे सदरा फाटलाय आणि बटण शिवतोय. दोन, फुल इंजिन. बोअर, पिस्टन, रिंगा, हेडचं लेथवर फेसिंग, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, मजुरी धरून ४६,०००. तीन, जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीचं चालू इंजिन आणून बसवायचं. ते स्वस्त होतं. पण मित्रहो, आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं की आरटीओत नोंद करावी लागते, आणि त्या जुन्या इंजिनाची रीतसर पावती लागते. ते इंजिन कुठल्या गाडीतून निघालं, ती गाडी कुणाची, हे माहीत नसताना सही करायची सवय मला बँकेने लावलेली नाही. तिसरा पर्याय मी तिथेच बाद केला.

राहिलं फुल इंजिन. मी म्हटलं, ४६ हजारांत गाडी नवी होते, करून टाका. मिस्त्री भला माणूस. तो म्हणाला, “काका, इंजिनची गॅरंटी मी सहा महिने देतो. गाडीची नाही देत.” मग त्याने बाकीची यादी सांगितली. रेडिएटर, होज, फॅन ८,०००. चार टायर १४,०००, कारण नक्षी शिल्लक असली तरी रबर वाळून चिरा पडल्या होत्या. ब्रेक आणि सस्पेन्शनचे बुश ९,०००. दरवाजाखाली गंज लागलेला, तो पत्रा आणि रंग ८,०००. आणि ऑगस्टमध्ये माझ्या गाडीची नोंदणी संपत होती. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. २०२० मध्ये मी ६०० रुपये शुल्क भरलं होतं. १ एप्रिल २०२२ पासून तेच ५,००० झालं. पर्यावरण कर वेगळा, पासिंगची धावपळ वेगळी. एकंदर १०,००० धरा. बेरीज ९५,०००. आणि ही गाडी चालू स्थितीत बाजारात विकली तर ३५-४० हजार मिळाले असते.

इथे घरात दोन पक्ष पडले. बंगळुरूचे चिरंजीव म्हणाले, “बाबा, भंगारात काढा, नवी घ्या. तुमच्या गाडीला एअरबॅग नाही, एबीएस नाही.” मुलीचं म्हणणं, “आईबाबांना नवी गाडी झेपणार नाही, आहे तीच नीट करा.” मी दोघांनाही ‘बघतो’ म्हणालो आणि गाडी गॅरेजमधून ओढून आणून १४ नंबरवर उभी केली. न निर्णय घेणं हाही एक निर्णयच असतो आणि त्याचं भाडं शेजाऱ्यांना पडतं. मे महिन्यात सेक्रेटरींचं पत्र आलं, ‘आपले नादुरुस्त वाहन पार्किंगमध्ये दीर्घकाळ उभे असल्याने झाडलोट करण्यास अडचण होत आहे, तरी...’ मला राग आला. चार दिवस मी सेक्रेटरींशी बोललो नाही, हे त्यांना आठवत असेल. साहेब, पत्र बरोबर होतं.

त्या पत्रावरून मला एक जुनी गोष्ट आठवली. १९८६ साली मी कराड तालुक्यातल्या एका शाखेत मॅनेजर होतो. एक ट्रकवाला आला. पहिलं कर्ज फिटत आलेलं, ट्रकचं इंजिन बसलेलं, आणि त्याला इंजिन कामासाठी आणखी १२,००० हवे होते. पुस्तकी किंमत बघितली तर त्या ट्रकवर बाराशेसुद्धा देता आले नसते. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी तो एक तेलकट वही घेऊन परत आला. त्यात प्रत्येक खेप लिहिलेली होती. उसाच्या हंगामात किती, बाकीचे महिने किती, डिझेल किती, क्लीनरचा पगार किती. तो म्हणाला, “साहेब, गाडीचं वय बघू नका, वही बघा.” मी शिफारस करून प्रस्ताव वर पाठवला. १४ महिन्यांत त्याने कर्ज फेडलं.

तेव्हा मी स्वतःला विचारलं, माझी वही कुठे आहे? वही होती. माझी सवय सगळ्यांना ठाऊक आहे, गाडी काढली की डायरीत तारीख, कुठे गेलो आणि किलोमीटर लिहायचे. हसण्यासारखी सवय आहे, पण कामाला आली. मागच्या वर्षाची डायरी काढली. वर्षभरात ८८ वेळा गाडी बाहेर निघाली, साधारण २,४०० किलोमीटर. त्यातल्या ६६ फेऱ्या ५ किलोमीटरच्या आतल्या. डॉक्टर, मंडई, बँक, नाटक. १६ फेऱ्या शहरातल्याच पण लांबच्या. आणि बाहेरगावच्या फक्त ६.

मग एका कागदावर चार रकाने आखले.

पहिला रकाना, दुरुस्ती. ९५,००० तीन वर्षांवर पसरले तर वर्षाला ३१,७००. त्यात पेट्रोल १७,८००, विमा ३,०००, सर्व्हिसिंग १०,०००, सोसायटीचं पार्किंग ६,०००. एकूण ६८,५००. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, त्या लवकर बदलाव्या लागतील, असं मिस्त्री म्हणाला होता. ते मी धरलेलंच नाही.

दुसरा रकाना, नवी छोटी गाडी, ६ लाख. विमा कंपन्यांच्या घसाऱ्याच्या तक्त्यात पाच वर्षांनी गाडीची किंमत निम्मी धरतात. म्हणजे वर्षाला ६०,००० नुसते उडाले. त्या ६ लाखांचं ठेवीवरचं व्याज साडेसात टक्क्यांनी ४५,०००. आपल्याकडे लोक हे व्याज धरतच नाहीत, कारण ते खिशातून जात नाही, खिशात येत नाही एवढंच. विमा, पार्किंग, पेट्रोल, सर्व्हिसिंग धरून जवळपास १,४९,०००.

तिसरा रकाना, पाच वर्षं वापरलेली गाडी, ३ लाख. त्याच हिशेबाने ९६,०००.

चौथा रकाना मी आधी आखलाच नव्हता. तो हिने आखला. म्हणाली, “गाडी नसेल तर किती?” मी मनातून नाराज झालो, पण हिशेब केला. पुण्यात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ रुपये. ५ किलोमीटरला ८५, जाऊन-येऊन १७०. ६६ फेऱ्यांचे ११,२२०. लांबच्या १६ फेऱ्यांना प्रत्येकी ७०० धरून ११,२००. बाहेरगावी ड्रायव्हरसकट गाडी ४,५०० प्रमाणे २७,०००. एकूण ४९,४२०. येत नाही म्हणणाऱ्या रिक्षावाल्यांसाठी आणि पावसासाठी आणखी १०,००० टाकले. तरी ५९,४२०.

आकडा समोर होता. तरी मी म्हणालो, “आणि रात्री दोन वाजता काय करायचं?” कारण २०१९ मध्ये हिला रात्री दोन वाजता धाप लागली होती आणि मी बारा मिनिटांत हॉस्पिटल गाठलं होतं. मला वाटलं, याला उत्तर नाही. त्यावर ही जे बोलली ते तुम्हाला सांगण्यासाठीच मी खरं म्हणजे आज उभा आहे. ती म्हणाली, “अहो, गाडी किती वर्षं चालेल हे मिस्त्रीला विचारताय. तुम्ही किती वर्षं चालवणार, हे कोणाला विचारलंत?”

माझं लायसन्स २०२७ पर्यंत वैध आहे. कागद म्हणतो मी चालवू शकतो. पण आता जे सांगतो ते ऐका.

मागच्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी आपल्या पार्किंगच्या बी विंगकडच्या खांबाचा कोपरा फुटला होता. प्लॅस्टर पडून आतली जाळी दिसत होती. कमिटीने चौकशी केली. पाण्याचा टँकर त्याच संध्याकाळी आला होता, म्हणून त्याच्या ड्रायव्हरवर ठपका आला आणि डिसेंबरच्या बिलातून १,५०० रुपये कापले गेले.

तो खांब मी फोडला होता.

समोरून येणाऱ्या स्कूटरचा दिवा डोळ्यांवर आला आणि मला खांब दिसलाच नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी गाडी मागे घेतली, जागेवर लावली आणि वर गेलो. सकाळी सांगू असं ठरवलं. सकाळी जिन्यात टँकरवाल्याचं नाव कानावर आलं आणि मी गप्प बसलो. हिने बंपरवरचा खांबाचा रंग पाहिला होता. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नंतर डोळे तपासले, दोन्हीत मोतीबिंदू निघाला. मार्चमध्ये एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता दिसतं चांगलं. पण मान पूर्वीसारखी वळत नाही आणि पाय ब्रेकवर जायला जो वेळ लागतो तो मला कळतो. खांबाच्या जागी बी विंगमधलं सायकल चालवणारं एखादं पोर असतं तर? हा विचार मी आठ महिने टाळत होतो. दुरुस्ती की नवी, या वादात मी इतका रमलो होतो, कारण त्या वादात ड्रायव्हरचा प्रश्न येत नव्हता.

जूनमध्ये निर्णय झाला. दुरुस्ती नाही, नवी नाही, जुनी पण नाही. गाडी भंगारात द्यायची. तीही नाक्यावरच्या भंगारवाल्याला नाही, सरकारमान्य स्क्रॅप केंद्राला. कारण नाक्यावर दिली तर गाडी तुकडे होऊन जाते, पण कागदावर तुमच्याच नावावर राहते. उद्या त्या नंबरचा कुणी गैरवापर केला तर पोलीस तुमच्या दारात.

इथे माझी आणखी एक फजिती झाली. आरसी तपासली तर त्यावर बँकेचा बोजा तसाच! कर्ज मी २००६ मध्ये फेडलं, बँकेचं ना हरकत पत्र घेतलं, फाइलमध्ये लावलं आणि आरटीओत दिलंच नाही. हजारो कर्जदारांना मी सांगत आलो की फॉर्म ३५ भरा, बोजा उतरवून घ्या. माझी शाखा मध्यंतरी दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. तिथल्या तरुण अधिकारी मुलीने शांतपणे माझं ऐकून घेतलं आणि नवं पत्र दिलं. मला तिने ‘सर’ म्हटलं, पण तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी ओळखतो. मी पण कर्जदारांकडे तसंच बघायचो. घरी गेल्यावर आपापल्या आरसी बघा. दंडाची चलनं थकलेली असतील तर तीही भरा, त्याशिवाय पुढे सरकत नाही.

जुलैत केंद्राची गाडी येऊन झेनला घेऊन गेली. सात-साडेसातशे किलोचा जीव, १७,५०० रुपये मिळाले. एक प्रमाणपत्र मिळालं. ते दाखवून नवी खासगी गाडी घेतली तर करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्राच्या नियमात आहे. ते मी मुलीला देऊन टाकणार होतो, पण तिने अजून गाडी ठरवलेली नाही. ऑगस्टमध्ये २० वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क ५,००० वरून १०,००० झाल्याची बातमी आली आणि सप्टेंबरमध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चिरंजीवांचा लगेच फोन, “बाबा, आता तरी घ्या!” मी म्हटलं, गाडी स्वस्त झाली, माझी मान नाही झाली.

गाडी गेली त्या दिवशी मी खाली उतरलो नाही. गॅलरीतून पाहिलं. दोन दिवस जेवण गेलं नाही, हेही सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला वाटेल हा माणूस नुसता हिशेबी.

माझा निर्णय सगळ्यांसाठी बरोबर आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची गाडी दहा-बारा वर्षांची आहे, बॉडी शाबूत आहे, सुटे भाग मिळतात, रोज वापर आहे आणि चालवणारा पन्नाशीचा आहे, त्यांना इंजिन काम करून घेणं नव्या गाडीपेक्षा पुष्कळदा परवडतं. फक्त क्रम पाळा. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या, ‘उघडल्यावर कळेल’ यावर हो म्हणू नका. अंदाजपत्रक लेखी घ्या, इंजिनाचं एकट्याचं नाही, अख्ख्या गाडीचं. मग पुढची तीन वर्षं धरून हिशेब करा. आतापर्यंत किती घातले ते विसरा. गेल्या वर्षी घातलेले २० हजार वाया जाऊ नयेत म्हणून या वर्षी ५० हजार घालणं, याला बँकेत आम्ही बुडीत कर्जाला नवं कर्ज देणं म्हणायचो. आणि शेवटी, खरं तर सगळ्यात आधी, चालवणारा कोण आणि किती वर्षं, हे विचारा.

रात्री दोनचा प्रश्न राहिला. १०८ नंबर आहेच. शिवाय जुलैत मी ए विंगमधल्या एका तरुण सभासदाला सहज विचारलं, तर तो म्हणाला, “काका, केव्हाही बेल मारा.” मग आणखी तिघांनी नावं दिली. लिफ्टशेजारच्या फलकावर ती यादी लागलेली आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी ती फोनमध्ये उतरवून घ्यावी. ऑगस्टमध्ये एका घरी ती कामाला आली. पंचवीस वर्षं मला वाटत होतं की गाडी आहे म्हणून मी कुणावर अवलंबून नाही. शेजाऱ्याला विचारण्याची वेळच कधी आली नव्हती, एवढंच.

जाता जाता इमारतीबद्दल एकच. तीही पंचवीस वर्षांची झाली. उपविधीप्रमाणे या वयात दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत आणि पाव टक्का सिंकिंग फंडात टाकायचा असतो. दर सर्वसाधारण सभेत ‘एवढा मेंटेनन्स कशाला’ असं उठून म्हणणाऱ्यांत मी पहिला असायचो. माझ्या गाडीला सिंकिंग फंड नव्हता, त्याचं काय झालं ते तुम्ही ऐकलंत. गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग हा आपला झिरपणारा रेडिएटर आहे. आणि इमारतीच्या बाबतीत चौथा रकाना नाही. घराचं काम रिक्षाने भागत नाही.

टँकरवाल्याचे १,५०० रुपये मी गेल्या आठवड्यात त्याला स्वतः जाऊन दिले आणि कारण सांगितलं. त्याने चहा पाजला. तो ड्रायव्हर आता त्याच्याकडे नाही, गावी गेला म्हणाला. त्याचा नंबर मिळवायचा प्रयत्न चालू आहे. खांबाच्या प्लॅस्टरचे पैसे आपण टँकरवाल्याकडून वसूल केले होते, ते आता माझ्याकडून घ्यावे लागतील. चेक लिहून खिशात आणला आहे. सेक्रेटरीसाहेब, दूध पिऊन झाल्यावर घ्या, पण पावती मात्र द्या.